सबनीसबाईंनी मागे घेतलेलं पत्र

१९९७च्या थंडीत दिल्ली महापालिकेची निवडणूक लागली आणि यमुनेपलीकडच्या संतबाग वस्तीचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. ही बातमी घेऊन श्यामकांत सबनीस घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा पहिला नंबर हुकलेल्या मुलासारखा झाला होता. निवृत्त झाल्यापासून आठ वर्षं त्यांनी पक्षाच्या सतरंज्या घातल्या होत्या आणि उचलल्या होत्या. या खेपेला तिकीट त्यांनाच, असं अगदी वरून सांगितलं गेलं होतं.

मफलर न काढताच ते अर्धा तास खुर्चीत बसून राहिले. मग एकदम ताठ झाले.

“अगं, आपल्याकडे आहे की बाई!”

“कोण बाई?” चंद्रप्रभाबाई कणीक मळत होत्या.

“कोण म्हणजे? तू!”

“मी? अहो, मला काय येतं त्यातलं?”

“तुला काही यायला नको. उभं राहायचं, हात जोडायचे. बाकी मी आहे ना.”

त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. तीस वर्षं ते एका मंत्रालयात बाबू होते. साहेब बदलत, कोणी मद्रासचे येत, कोणी पाटण्याचे, पण मजकूर सबनीसांचा आणि सही साहेबांची हा क्रम कधी बदलला नाही. मजकूर लिहितो तोच खरा कारभार करतो, सही हा नुसता शिष्टाचार, अशी त्यांची पक्की समजूत होती. घरीही तीच पद्धत. रेशनकार्ड असो की मुलीच्या शाळेचा फॉर्म, भरायचे ते, आणि बायकोने सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवायचे. चंद्रप्रभाबाई फुलीवर सही करत आणि फोडणीकडे वळत. एकोणतीस वर्षांत फुलीच्या वरचं वाचायची त्यांना गरज पडली नव्हती.

वाचता येत नव्हतं असं मुळीच नाही. वाईच्या शाळेतून त्या मॅट्रिक झाल्या होत्या आणि अक्षर मोत्यासारखं होतं. अडुसष्ट साली लग्न होऊन सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्या, हिंदी भाजीवाल्यांकडून शिकल्या. पुढे संतबागेत दोन खोल्यांचं स्वतःचं घर झालं. हिवाळ्यात त्यांच्या गच्चीवर शेजारणी ऊन खात स्वेटर विणायला जमत, तेव्हा त्यातल्या निम्म्या जणींचे अर्ज आणि माहेरची पत्रं आंटीजीच लिहून देत. लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवत आणि विचारत, “यही कहना है ना तुम्हें?” दुसऱ्यांच्या कागदाबद्दल इतकी काटेकोर असलेली बाई घरचा कागद वाचत नव्हती, आणि यात काही वावगं आहे असं तिलाही वाटलं नव्हतं.

प्रचाराच्या पोस्टरवर उमेदवाराचा फोटो बोराएवढा होता आणि उमेदवाराच्या नवऱ्याचा आवळ्याएवढा. भाषणं श्यामकांतराव करत. पण शेवटच्या सभेत, बायका बऱ्याच जमल्या होत्या म्हणून, दोन मिनिटं चंद्रप्रभाबाईंना माइक मिळाला. नवऱ्याने लिहून दिलेला कागद त्यांनी उघडला आणि समोर पहिल्या ओळीत त्यांना शेजारची सरला दिसली. सरलाच्या शेजारी तिची सून कांता होती.

संतबाग आणि मोठं इस्पितळ यांच्या मध्ये रेल्वेचं फाटक होतं. मालगाड्या एकामागून एक लागल्या की ते पाऊण पाऊण तास उघडत नसे. आदल्या ऑगस्टमध्ये, भर सकाळी, कांताला कळा सुरू झाल्या म्हणून सायकलरिक्षातून नेलं, आणि फाटक पडलं. सरलाने आणि चंद्रप्रभाबाईंनी साडी धरून रिक्षाभोवती आडोसा केला. मागचे ट्रकवाले भोंगे वाजवत राहिले. मूल तिथेच झालं, पण रडलं नाही. बरोबर घेतलेली दाई म्हणाली, वेळेवर कोणी डॉक्टर असता तर रडलं असतं.

आणि तरी वस्तीच्या सरकारी आराखड्यात जच्चा-बच्चा केंद्रासाठी, म्हणजे बाळंतपणाच्या दवाखान्यासाठी, एक जागा राखून ठेवलेली होती. पंधरा वर्षं तिथे म्हशी बसत होत्या.

चंद्रप्रभाबाईंनी नवऱ्याचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. “मुझे भाषण नहीं आता,” त्या म्हणाल्या. “एकच गोष्ट सांगते. ते केंद्र मी बांधून घेईन. फाटकाच्या या बाजूला.” एवढं बोलून खाली बसल्या. सहाशे अकरा मतांनी निवडून आल्या.

निवडून आल्यावर मात्र घरातली मांडणी आधीच ठरल्यासारखी झाली. अंगणात टेबल आणि खुर्ची आली, खुर्चीवर श्यामकांतराव बसले. लोक सकाळी साडेसातपासून येत. कोणाला राहत्या पत्त्याचा दाखला हवा, कोणाला शाळाप्रवेशासाठी चिठ्ठी. सगळं पार्षदांच्या, म्हणजे नगरसेवकांच्या, लेटरहेडवर लागे, आणि दर वेळी बायकोला ओट्यावरून उठवणं श्यामकांतरावांच्या जिवावर येई. म्हणून ते आठवड्याला पंचवीस कोरी लेटरहेडं आत पाठवत, प्रत्येकाच्या तळाशी पेन्सिलीची फुली.

“अहो, वर काय लिहिणार आहात?”

“दाखले गं, आणखी काय! रोजचंच.”

महापालिकेच्या वॉर्ड-समितीच्या बैठकांनाही दोघं जोडीने जात. पार्षदांच्या खुर्च्यांच्या मागे भिंतीला लागून एक रांग असे, तिथे महिला सदस्यांचे यजमान बसत. विषय पुकारला की मागून हळूच सूचना येई आणि पुढे हात वर होई. चंद्रप्रभाबाईही तसाच हात वर करत. केंद्राचं विचारलं की श्यामकांतराव म्हणत, “फाइल सरकतेय.” बाबूच्या बायकोला हे उत्तर ओळखीचं होतं. त्या वाट पाहत राहिल्या.

सप्टेंबरात श्यामकांतराव पक्षाच्या शिबिरासाठी दोन दिवस पानिपतला गेले. त्याच दुपारी महापालिकेचा शिपाई येत्या बैठकीचं खाकी पाकीट देऊन गेला. एरवी ते पाकीट टेबलावर श्यामकांतरावांची वाट पाहत पडलं असतं. पण गच्चीवर गहू वाळत होते, राखण करत बसायचं होतं, आणि हाताशी वाचायला दुसरं काही नव्हतं. बाईंनी पाकीट फोडलं.

चौदावा विषय असा होता: संतबाग येथील जच्चा-बच्चा केंद्रासाठी राखीव जागा, स्थानिक पार्षद श्रीमती चंद्रप्रभा सबनीस यांच्या शिफारशीनुसार, बारातघरासाठी देणे.

बारातघर म्हणजे लग्नाचं कार्यालय. त्यांनी ते तीनदा वाचलं. मागे शिफारसपत्राची झेरॉक्स जोडली होती. मजकूर सबनीसांचा, तो त्यांनी पहिल्या वाक्यात ओळखला. खाली सही त्यांची. सहीच्या बाजूला अंगठ्याचा काळा डाग. त्या आठवड्यात ओली हळद किसली होती.

कबुतरांनी गव्हात धिंगाणा घातला तरी त्या उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी श्यामकांतराव आले, पानिपतची दोन ब्लँकेटं काखेत. चहा झाल्यावर चंद्रप्रभाबाईंनी झेरॉक्स समोर ठेवली.

“हे काय आहे?”

त्यांनी चष्मा लावला, काढला. “तुला सांगणारच होतो.”

“कधी? बारातघरात पहिली वरात आल्यावर?”

“अगं, समजून घे. केंद्राला इमारत लागणार, डॉक्टर लागणार, नर्स लागणार. दहा वर्षं काही होत नाही त्याचं. बारातघर वर्षात उभं राहतं. व्यापाऱ्यांचा प्रमुख गुलशनलाल आणि सगळा बाजार पाठीशी आहे. लोकांना काहीतरी दिसायला नको का? आणि लोकांच्या मुलींची लग्नंही होतातच ना!”

“होतात ना. लग्नानंतर काय होतं, ते फाटकावर बघितलंय मी.”

श्यामकांतरावांनी झेरॉक्स उलटी घातली. मग हळू आवाजात म्हणाले, “मी गुलशनलालला शब्द दिलाय.”

“आणि मी भर सभेत सगळ्या वस्तीला दिलाय. मी पत्र मागे घेणार.”

“बिल्कुल नाही! अगं, लोक काय म्हणतील? सबनीसने बायकोच्या नकळत तिच्या सहीचं पत्र पाठवलं? माझी काय पत राहील? तीस वर्षं नोकरी केली, एक मेमो नाही मला.”

हे मात्र खरं होतं, आणि ते चंद्रप्रभाबाईंना टोचलं. हा माणूस एका पैशालाही लाचावला नव्हता. त्याला फक्त कोणीतरी ‘सबनीस साब, आप ही करवाओगे’ म्हटलेलं आवडत होतं. त्यांना नवऱ्याला लोकांत उघडं पाडायचं नव्हतं. पण पत्र तसंच राहू दिलं तर कांतासमोरून रोज कोणत्या तोंडाने जाणार होत्या?

दुसऱ्याच दिवशी बैठक होती. सकाळी बाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हिंदीत मजकूर लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. तिसऱ्या खेपेला चारच वाक्यं उरली. मग कपाटातून लेटरहेड काढून स्वच्छ उतरवला आणि सरलाकडे गेल्या.

“बस, ऐक,” त्यांनी पूर्ण पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. “असंच म्हणायचंय ना आपल्याला?”

सरलाने ऐकलं. मग विचारलं, “और भाई साहब?”

“भाई साहब घर पर हैं.”

“आंटीजी, मैं चलूँ साथ?”

“बैठकीत तुला आत घेणार नाहीत. पण चल. बसमध्ये माझ्याशी बोलत राहा, नाहीतर मी मधेच उतरेन.”

बैठकीच्या खोलीत त्या आपल्या खुर्चीवर बसल्या तेव्हा मागच्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती. अध्यक्षांनी ती आधी पाहिली. “सबनीस साब नहीं आए? तबियत तो ठीक है?”

“उनकी तबियत ठीक है,” बाई म्हणाल्या. “सदस्य मी आहे. मी आलेय.”

कोणीतरी हसलं. तेरा विषय चहाबरोबर मंजूर झाले. चौदावा पुकारला गेला आणि चंद्रप्रभाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी पर्समधून पत्र काढलं.

“ही शिफारस मी मागे घेते. हे लेखी पत्र.”

“पर मॅडम,” अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, “इस पर साइन तो आप ही के हैं!”

“सही माझीच आहे. मी वाचल्याशिवाय केली. ती चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही. आज वाचून सही केलीय, ही घ्या.”

 मागच्या रांगेतले यजमान एकमेकांकडे बघेनात. ‘वाचल्याशिवाय’ हा शब्द त्या रांगेत प्रत्येकाच्या घरचा होता.

अध्यक्ष मुरलेले होते. त्यांनी पत्र बाजूला सरकवलं. “अच्छा, तर मग विषय स्थगित ठेवू. पुढच्या बैठकीत सबनीस साबांशी बोलून…”

तीस वर्षं बाबूच्या घरात काढलेल्या बाईला ‘स्थगित’ म्हणजे काय ते कोणी शिकवायला नको होतं. स्थगित म्हणजे दुसरं पत्र, दुसरी फुली.

“स्थगित नको,” त्या म्हणाल्या. “नामंजूर करा. आणि जागा केंद्राचीच राहील, एस्टिमेट दोन महिन्यांत करावं, असा माझा ठराव आहे. मतं घ्या.”

“मॅडम, असं एकदम नसतं होत.”

“नियमात नाही असं दाखवा, मी खाली बसते.”

सचिवांनी नियमांची वही उलटली, अध्यक्षांच्या कानाशी काही पुटपुटले. बाई उभ्याच राहिल्या. मतं घ्यावी लागली.

सदस्य अकरा. बाजूने हात वर झाले पाच, त्यात बाईंचा स्वतःचा एक. विरोधात पाच. उरल्या सुमित्रा, नाल्याकाठच्या वॉर्डाच्या, डोक्यावरून पदर ओढून बसणाऱ्या. सहा महिन्यांत त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता. मागून त्यांचे यजमान दबक्या आवाजात सांगत होते, “नहीं, नहीं. हाथ नीचे.” हात खालीच होता. सुमित्रांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं, मग चंद्रप्रभाबाईंकडे पाहिलं.

“हे केंद्र,” त्यांनी विचारलं, “नाल्याच्या बायकांनाही घेईल?”

“जी येईल तिला घेईल,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. “ठरावात लिहून देते.”

सुमित्रांनी हात वर केला. चांगला खांद्यापासून, सरळ, बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

बाहेर सरला जिन्यात बसून होती. बाई आल्या, तिच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि पदराने कपाळ पुसत राहिल्या. सरला घाबरली. “हार गए क्या?”

“नाही गं. सहा विरुद्ध पाच.”

घरी गुलशनलाल आधीच पोचला होता आणि अंगणात उभा राहून तावातावाने बोलत होता. घरवालीला आवर घालता येत नाही त्याने राजकारण करू नये, असं काहीसं. श्यामकांतरावांनी चंद्रप्रभाबाईंना दारात पाहिलं, गुलशनलालकडे पाहिलं, आणि ज्या आवाजात ते मंत्रालयात आगंतुकांना परत पाठवत त्या आवाजात म्हणाले, “पार्षदांना भेटायचं असेल तर वेळ घेऊन या.” एवढं बोलून आत गेले आणि बायको आत आल्यावर दार लावून घेतलं. बायकोशी मात्र आठ दिवस बोलले नाहीत.

अंगणातल्या खुर्चीवर आता चंद्रप्रभाबाई बसू लागल्या. एकेक अर्ज वाचायचा, अर्जदाराला वाचून दाखवायचा, मगच सही. लोक कुरकुरले, वेळ लागतो म्हणाले. बायका कुरकुरल्या नाहीत. पुरुषांच्या गर्दीत आजवर न येणाऱ्या त्या येऊन पायरीवर बसू लागल्या.

नवव्या दिवशी केंद्राची फाइल टेबलावर उघडी पडली होती. श्यामकांतराव पाणी प्यायला म्हणून बाहेर आले, जाता जाता थबकले.

“पानांना नंबर नाहीत,” ते म्हणाले.

“हं.”

“नंबर नसले की वरचं एखादं पान गळतं. मग तीन महिने ते शोधण्यात जातात. आणि हे एस्टिमेट आधी वित्त विभागाकडे नाही जात, आधी वास्तुविशारदाकडे. उलट पाठवलंस तर परत येईल.”

“मला कुठे ठाऊक? मी फक्त सह्या केल्यात जन्मभर.”

श्यामकांतराव उभेच राहिले. मग बाजूचं स्टूल ओढून बसले आणि पेन्सिल काढून पानांवर आकडे घालू लागले. एक, दोन, तीन. त्रेचाळीस झाल्यावर त्यांनी फाइल बायकोकडे सरकवली. “वाचून घे. मग मी नेतो.”

फाइल कुठे अडते हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? आयुष्यभर त्यांनीही अडवल्या होत्या. आता ते सोडवू लागले. दर मंगळवारी नवराबायको बसने महापालिकेत जात. बाई अभियंत्यांसमोर बसत आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठत नसत. श्यामकांतराव खालच्या मजल्यावर बाबूंच्या टेबलांमधून फिरत आणि आपली फाइल कुठे विसावलीय ते हुडकून काढत. एकदा एक तरुण अभियंता वैतागून म्हणाला, “मॅडम, आप हर हफ्ते क्यों आती हैं?” त्या म्हणाल्या, “तुम्ही रोज येता, म्हणून तर भेटता.” निविदेला दीड वर्ष गेलं, पाया खणायला आणखी सहा महिने. मधेच सिमेंट थांबलं, मधेच ठेकेदार पळाला. नर्सेसच्या नेमणुकीसाठी बाई एकूण एकवीस मंगळवार गेल्या. ते मंगळवार सरलाने मोजले होते.

२००१च्या नोव्हेंबरात केंद्राचं उद्घाटन ठरलं. मंडप पडला, दाराला लाल फीत लागली, प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. कोनशिलेवर पाहुण्यांचं नाव, अध्यक्षांचं नाव, आयुक्तांचं नाव होतं. स्थानिक पार्षदांचं नाव सगळ्यात खाली, बारीक. श्यामकांतराव त्यावरून धुसफुसत होते. “अहो, राहू दे,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, “आत दोन खाटा लागल्यात ना, बस.”

पाहुण्यांचं भाषण वीस मिनिटं चाललं होतं तेव्हा मागून गलका झाला. एक सायकलरिक्षा गर्दीत अडकली होती आणि रिक्षात नाल्याकडची एक बाई ओठ चावत बसली होती. शेजारी सुमित्रा होत्या.

संयोजक धावला. “अरे, रुको, रुको! फीता अभी कटा नहीं है! पाँच मिनट!”

चंद्रप्रभाबाई मंचावरून उतरल्या. दाराशी गेल्या आणि लाल फीत दोन्ही हातांनी वर उचलून धरली, अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी उचलावी तशी.

“आने दो,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, चीफ गेस्ट…”

“त्यांना सांगा, दोन मिनिटं थांबा. हिला थांबता येणार नाही.”

श्यामकांतरावांनी रिक्षाचं हँडल धरून गर्दीतून वाट काढली. बाई खाली उतरली, फितीखालून वाकून आत गेली आणि नर्सने दार ओढून घेतलं. मंचावर पाहुण्यांनी हातातली कात्री ताटलीत परत ठेवली. मग सगळे वाट बघत उभे राहिले, पाहुणेही. पाऊण तास झाला. आतून रडण्याचा आवाज आला, तो अगदी मंडपाच्या टोकाला उभ्या असलेल्या कांतालासुद्धा ऐकू गेला.